बर्मा लिफ्टमध्ये मावला नाही

बद्रीनाथ उरकुडे यांची आणि माझी ओळख झाली, त्या दिवशी त्यांनी माझ्या दाराला जीभ लावली होती.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत मी नवीनच राहायला आलो होतो. सामान वर येत होतं. समोरच्या फ्लॅटमधून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या नव्याकोऱ्या दाराची कड नखानं जराशी खरवडली, वास घेतला आणि मग शांतपणे ती कड चाटली.

"बिल्डरनं काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"बर्मा टीक."

"घाना आहे," ते म्हणाले. "वाईट नाही. पण बर्मा नाही. चहाला या."

चहाला गेलो तेव्हा बाकीचं कळलं. बद्रीनाथजी मूळचे बल्लारशाचे, म्हणजे सागवानाच्याच मुलखातले. एक्याऐंशी साली सागवानाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून ते पुण्यात आले. टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत माल उतरला, आणि उतरलेल्या मालाच्या ढिगावर त्यांना झोप लागली. जाग आली तेव्हा ट्रक निघून गेलेला होता. वखारीच्या शेठनी विचारलं, काही काम येतं का. बद्रीनाथजींनी ज्या ओंडक्यांवर झोप काढली होती, ते कुठकुठल्या जंगलातले आहेत ते वास घेऊन सांगितलं. शेठनी त्यांना ठेवून घेतलं. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं ते तिथेच होते. माल आला की वास घ्यायचा, खरवडायचं, अगदीच शंका आली तर चाटायचं, आणि हा अमुक देशाचा, अमुक प्रतीचा, असं सांगायचं.

सुरुवातीला सांगण्यासारखं फार नव्हतं. माल सगळा बल्लारशाकडचाच. मग हळूहळू परदेशी लाकूड यायला लागलं. पहिल्या परदेशी ट्रकमधल्या फळीच्या टोकाची एक चकती त्यांनी गावी दाखवायला म्हणून कापून ठेवली. दुसऱ्या देशाचा माल आला तेव्हा त्याला वाईट वाटायला नको म्हणून त्याचीही ठेवली. मग ती सवयच झाली. ट्रक आला की तळहाताएवढी चौकोनी चकती कापायची, निळ्या पेन्सिलीनं तिच्यावर देश आणि साल लिहायचं आणि पोत्यात टाकायची. निवृत्त झाले तेव्हा शेठनी त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. पोती त्यांनी स्वतःची स्वतः घेतली. ती अकरा भरली.

देशांबद्दल ते बोलायचे ते एखाद्या खानावळवाल्यानं आपल्या गिऱ्हाइकांबद्दल बोलावं तसं. "मलेशिया आला तेव्हा आमच्याकडे उभं राहायला जागा उरली नाही. पण काय सांगू, ओलसर माणूस. घाना स्वभावानं चांगला, फक्त गाठी फार. इक्वेडोर कोवळा आहे अजून, घाईनं वाढलेला. अमेरिका मात्र वेळेवर यायचा, मापात यायचा, प्रत्येक फळी पुसून आल्यासारखी. पण वास घ्या, काही म्हणजे काही सांगत नाही."

"साऱ्या जगाचं लाकूड चाटून झालं यायचं," आतून त्यांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणाल्या, "अन् भाजीत मीठ हाय का नाई ते मलेच सांगा लागते."

दुर्गाबाई ब्याऐंशी साली पुण्यात आल्या. पुण्यानं त्यांच्या बोलण्यात काहीही फरक पाडलेला नव्हता.

आता मूळ गोष्ट. बद्रीनाथजींची नात राजनंदिनी बीएच्या शेवटच्या वर्षाला होती, अर्थशास्त्र घेऊन. प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला : कठीण लाकडाचा देशादेशांतला व्यापार, गेली तीस वर्षं, कुठला देश चढला आणि कुठला उतरला. घरातच माणूस आहे, तर माहिती आयती मिळेल, असा तिचा साधा हिशोब होता. तिनं इंटरनेटवरून आकडे जमवले, लॅपटॉपवर आलेख काढला आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी आजोबांना दाखवला. मीही तिथे होतो, कारण रविवारी त्यांच्याकडे पोहे असत.

"हे काय आहे?" बद्रीनाथजींनी विचारलं.

"बार ग्राफ, आबाजी. आडवी वर्षं, उभा माल. हा सगळ्यात उंच आहे ना, तो बर्मा."

"निळा?"

"डीफॉल्ट कलर आहे तो. सॉफ्टवेअर देतं."

"बर्मा निळा नसतो. सोनेरी असतो, त्यात काळी रेघ असते."

"आबाजी, फक्त कलर आहे. कुठलाही असू शकतो."

"आणि मलेशिया हिरवा. कच्चा आहे का तो?" त्यांनी चष्मा वर केला. "आणि आपला भारत कुठे आहे?"

"हा काय, खाली. जांभळा."

बद्रीनाथजींनी स्क्रीनवरच्या त्या जांभळ्या भारताला नख लावून पाहिलं. मग ते उठले, बाल्कनीत गेले आणि एक पोतं ओढत आत आले. त्यातली एक चकती काढून त्यांनी नातीच्या हातावर ठेवली. "हा बर्मा. अठ्ठ्याण्णव साल. ग्राफ करायचा तर याचा कर."

राजनंदिनीनं चकतीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग बाल्कनीतल्या बाकीच्या दहा पोत्यांकडे पाहिलं. ती हुशार मुलगी आहे. "एका ट्रकमागे एक?" तिनं विचारलं.

"एकही चुकलेली नाही."

"मग हा डेटाच आहे, आबाजी. तुम्ही तीस वर्षं डेटा गोळा करत होतात."

"मी चकत्या गोळा करत होतो," बद्रीनाथजी म्हणाले. पण त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

ठरलं असं. प्रत्येक देशाच्या दर दहा वर्षांच्या चकत्यांना मधोमध भोक पाडायचं, त्या आटे पाडलेल्या लोखंडी सळईत ओवायच्या, सळई पाटावर उभी करायची आणि वरून नट आवळायचा. सहा देश, तीन दशकं, अठरा सळया. ज्या देशाचा जितका माल आला तितका त्याचा खांब उंच. रंग ज्याचा त्याचा.

पहिली अडचण आली ती व्याख्येची. राजनंदिनीनं सांगितलं की न्यूझीलंडचा पाइन या प्रकल्पात धरता येणार नाही, कारण ते मऊ लाकूड. यावर बद्रीनाथजी खूश झाले. न्यूझीलंड त्यांना कधीच पटला नव्हता. पण मग त्यांनी सहज विचारलं की कठीण लाकूड कुठलं ते ठरवतं कोण.

"रुंद पानांच्या झाडाचं ते कठीण. सुयांसारखी पानं असतात त्या झाडाचं ते मऊ. लाकूड खरंच कठीण असण्याशी त्याचा काही संबंध नाही."

"नाव कठीण लाकूड, आणि कठीण असण्याशी संबंध नाही."

"हो."

"मग शेवगा?"

राजनंदिनीनं फोनवर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "शेवगा कठीण लाकडात येतो," ती म्हणाली.

"शेवग्याचं पान रुंद आहे?"

"बॉटनीत रुंद आहे."

बद्रीनाथजी उठून थेट माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात. शेवग्याचं लाकूड कठीण की मऊ?"

मी खरं ते सांगितलं. लहानपणी मी मामांच्या शेवग्यावर चढलो होतो. आधी फांदी मोडली, मग माझा हात मोडला.

"बघा," ते म्हणाले. "आणि हे त्याला सागवानाच्या पंगतीला बसवतायत." त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी आमटीतल्या शेंगा बाजूला काढून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी आमटी करणंच बंद केलं, तेव्हा ते कामाला लागले.

चकत्या मोजल्यावर नऊशे बारा भरल्या. भोकं पाडायला चार दिवस लागले. त्यांचा मुलगा सुदर्शन आयटीत आहे आणि घरून काम करतो. तो एकदा हेडफोन काढून बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, मी अमेरिकेशी बोलतोय."

"मीही अमेरिकेवरच आहे," बद्रीनाथजी ड्रिल न थांबवता म्हणाले. "दोन हजार अठरापर्यंत आलो."

चकत्या जुन्या होत्या, मळलेल्या होत्या. नातीचं काम चांगलं दिसावं म्हणून त्यांनी प्रत्येक चकती दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरनं घासली. आठ दिवस घरात बारीक भुसा उडत होता. घासताना निळ्या पेन्सिलीचं लिहिणंही पुसलं गेलं. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "ओवतोय ना लगेच क्रमानं. आता नावाची काय गरज?" हे वाक्य मला आठवतं, कारण ते बोलल्यावर त्यांना लागोपाठ सात शिंका आल्या.

सादरीकरण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोनला होतं. कॉलेज पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी नऊला आम्ही खांब खाली न्यायला सुरुवात केली. इक्वेडोर, घाना, अमेरिका लिफ्टनं गेले. पहिल्या दशकातला बर्मा मात्र दोनशे चौदा चकत्यांचा, सात फुटांचा. तो लिफ्टमध्ये उभा मावेना, आणि तिरका घातला तर पाट आड येऊन दार लागेना. शेवटी मी आणि बद्रीनाथजींनी तो जिन्यानं उतरवला. सहा मजले. चौथ्या मजल्यावरच्या बाई दूध घेऊन वर येत होत्या. त्यांनी भिंतीला चिकटून आम्हाला वाट दिली आणि कुणाकडे बसवणार आहेत म्हणून विचारलं. त्यांना तो देवघराचा खांब वाटला.

सोसायटीचे चेअरमन विक्रम घुले यांनी आपला पिकअप काढला होता. सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांच्याच घराची. उरलेल्या शेतात ते अजून ऊस लावतात. "काका, या गाडीतनं ऊस न्हेला, सिमेंट न्हेलं, दोनदा नवरदेव न्हेला," ते म्हणाले. "ग्राफ पहिल्यांदाच चाललाय. आडवा टाकू का उभा?"

"आडवा. पण खाली काहीतरी मऊ पाहिजे."

खाली माझी गादी घातली. पुढे विक्रमशेठ, राजनंदिनी आणि दुर्गाबाई बसल्या. दुर्गाबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. नातीचं भाषण ऐकायचं म्हणून त्या येत होत्या, लाकडाशी आपला काही संबंध नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं. मागे गादीवर अठरा खांब, बद्रीनाथजी आणि मी.

टिंबर मार्केटपाशी बद्रीनाथजींनी गाडी थांबवायला लावली. सळयांवरचे लोखंडी नट त्यांना गरीब वाटत होते. ओळखीच्या दुकानातून त्यांनी अठरा पितळी नट घेतले. दुकानदारानं जुने नट काढून ठेवून घेतले आणि नवे कागदाच्या पुडीत बांधून दिले.

"इथेच बसवून टाकू," मी म्हणालो.

"तिथे मॅडमसमोर बसवू. त्याला शोभा असते," ते म्हणाले, आणि पुडी शर्टाच्या खिशात ठेवली.

स्वारगेटच्या चौकात ट्रॅफिक पोलिसानं हात केला. मालाच्या गाडीत माणसं बसवलेली त्याला दिसली होती. तो मागे आला आणि डोकावून पाहू लागला.

"काय आहे हे?"

"ग्राफ हाय साहेब," विक्रमशेठ पुढून म्हणाले.

"कशाचा?"

मी सांगितलं, "कठीण लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा."

पोलिसानं एका खांबावरून हात फिरवला. मग त्यानं विचारलं, "यात चांगलं सागवान कुठलं? आम्हाला पलंग करायचाय."

बद्रीनाथजींनी त्याला पाच मिनिटं सागवान समजावून सांगितलं. मागे हॉर्न वाजत होते. पोलिसानं त्यांना हातानंच गप्प केलं, आणि शेवटी परीक्षा घ्यावी तशी आपली काठी पुढे केली. "ही कुठली सांगा."

बद्रीनाथजींनी काठी नाकाशी धरली. इकडून धरली, तिकडून धरली. "वास येत नाही," ते म्हणाले.

"येणार कसा? फायबरची आहे." तो खूश झाला आणि माणसांनी पुढच्या चौकात उतरून रिक्षा करावी एवढं सांगून त्यानं गाडी सोडली.

गाडी सुटली तरी बद्रीनाथजींचा चेहरा उतरलेलाच होता. त्यांनी वाकून शेजारच्या बर्माला नाक लावलं. मग घानाला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मला बर्माचाही वास येत नाहीये."

आठ दिवसांचा भुसा नाकात जाऊन बसला होता. मी म्हणालो, "आता वासाची गरजच काय? सगळं रांगेत आहे."

रिक्षा काही आम्ही केली नाही. पुढे कॉलेजच्या फाटकात गतिरोधक होता. विक्रमशेठना तो दिसला, पण ते उसाच्या सवयीनं गेले. गाडी पुढून उडाली, मग मागून उडाली, आणि बिननटांच्या अठरा सळयांवरून नऊशे बारा चकत्या सुटल्या. आवाज असा झाला की पलीकडच्या इमारतीतून लोक बाहेर आले. गाडी थांबली तेव्हा मी आणि बद्रीनाथजी कमरेपर्यंत सहा देशांत बसलो होतो.

दोनला सव्वा तास होता.

राजनंदिनी मागे आली. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आबाजी, नावं?"

"पुसली."

"मग वासावरून?"

बद्रीनाथजींनी एक चकती उचलली, हुंगली, चाटली. "पॉलिश पेपर लागतोय फक्त," ते म्हणाले.

मलेशिया आणि अमेरिका नुसते बघूनही वेगळे काढता येत होते. ती झाडंच वेगळी. पण भारत, बर्मा, घाना आणि इक्वेडोर ही चारही सागवानं. झाड तेच, फक्त माती वेगळी. ते ओळखायचं नाकानं, आणि ते नाक बंद होतं. बद्रीनाथजी गादीवर बसले आणि हातातली चकती नुसती फिरवत राहिले. खिशातली पुडी काढून त्यांनी ती राजनंदिनीच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू लॅपटॉपवरचाच दाखव. निळा तर निळा."

तेवढ्यात दुर्गाबाईंनी पातळ सावरलं, गाडीच्या फळीवर हात टेकून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे एक."

बद्रीनाथजींनी हातातली चकती दिली. दुर्गाबाईंनी ती नाकाजवळ नेली. "हा बर्मा होय. याचा सदरा भिजू घातला का पाण्यावर तेल येये." दुसरी घेतली. "हा घाना. कॉलर काळी. तीन डाव घासा लागे." तिसरी. "हा आखरीले आला तो. हलका. एका धुण्यात वास जाये."

"इक्वेडोर," बद्रीनाथजी म्हणाले.

"मले नाव नाई माहीत. सदरा माहीत हाय." मग त्यांनी चौथी चकती नाकाला लावली आणि जरा जास्त वेळ तशीच धरली. "हे आपल्या तिकडचं," त्या म्हणाल्या. "याले काय ओळखा लागते."

बद्रीनाथजी गाडीच्या कडेला सरकले. "अगं, हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुमी इचारलं कधी?"

मग काम सुरू झालं. दुर्गाबाई पोर्चमधल्या पायरीवर बसल्या. राजनंदिनी आणि मी चकत्या आणून द्यायचो, त्या हुंगायच्या आणि चार ढिगांत टाकायच्या. भाजी निवडावी तसं. दशक ओळखायचं काम बद्रीनाथजींकडे होतं. चकत्या त्यांनी तोंडावर घासल्या होत्या, कडा तशाच होत्या. जितकं जुनं तितकी कड काळी. एक नाकानं देश सांगत होती, दुसरा डोळ्यानं वर्षं. विक्रमशेठ ओवत होते. अधूनमधून बद्रीनाथजी म्हणायचे, "हा बर्मा नक्की का? मला घाना वाटतोय," आणि दुर्गाबाई म्हणायच्या, "तुमी कडा पाहा."

राजनंदिनीच्या शिक्षिका तनया मॅडम काय गोंधळ आहे ते बघायला खाली आल्या. बारीक अंगाच्या, तोंडावर कसलाच भाव न आणता बोलणाऱ्या बाई. त्या पायरीशेजारी पाच मिनिटं उभ्या राहिल्या, मग त्यांनी विचारलं, "आजी, आपल्याला हे कसं कळतं?"

"चौतीस वर्षं हातानं धुणं धुतलं यायचं."

"कुठला देश केव्हा वाढला, ते आठवतं?"

"न आठवाले काय झालं? सुदर्शनची धावी होती तवा सारी बनियनं लाल व्हाले लागली. साबण बदलला, तरी लाल. तो मलेशिया. मग लोखंडाच्या बादलीत घातलेले कपडे काळे पडाले लागले, तो अमेरिका."

"ओक आहे तो. लोखंडाला लागला की काळा पडतो," बद्रीनाथजींनी मध्ये सांगितलं.

"मले तर बादलीच खराब वाटली. दोन बादल्या टाकल्या म्या."

मॅडमनी पेन काढलं. "आणि अलीकडे? गेल्या सात-आठ वर्षांत?"

"सोळा साली सुदर्शननं मशीन आणली," दुर्गाबाई म्हणाल्या. "तवापासून मले काई सांगता येत नाई."

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

सादरीकरण अडीचला सुरू झालं. शेवटचा पितळी नट खरोखर मॅडमसमोरच आवळला गेला. पहिल्या दशकातला बर्मा व्यासपीठावर उभा केल्यावर पंख्याच्या पात्याला लागत होता, त्यामुळे पंखा बंद ठेवावा लागला, आणि एप्रिलच्या त्या दुपारी चाळीस मुलामुलींनी घाम पुसत आंतरराष्ट्रीय व्यापार पाहिला. पण पाहिला मात्र नीट. खरं सांगायचं तर आकड्यांचा मला कंटाळा आहे, तरी ते खांब ओळीनं उभे राहिल्यावर मलाही समजलं. पहिल्या दशकात सोनेरी बर्मा छताला भिडलेला. त्याच्या खांद्याला लाल मलेशिया. दुसऱ्या दशकात दोघे वाकत चाललेले. तिसऱ्यात बर्मा पार गुडघ्याएवढा, आणि घाना, इक्वेडोर वर आलेले. आणि बल्लारशाचा काळपट, ठेंगणा खांब तिन्ही दशकांत जवळजवळ तेवढाच. शेजारी पडद्यावर राजनंदिनीनं देशभराच्या आकड्यांचा आलेख लावला होता, निळा, हिरवा, जांभळा. दोघांची उंची वेगळी होती, चढउतार सारखेच होते.

मॅडमनी विचारलं, "तुझे स्रोत?"

"प्राथमिक स्रोत, आजोबा," राजनंदिनी म्हणाली. "पडताळणीचा स्वतंत्र स्रोत, आजी. अभ्यासाची मर्यादा, वॉशिंग मशीन."

मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं की बर्मा दोन हजार चौदानंतर एकदम का पडला. राजनंदिनीनं सांगितलं की त्या वर्षी तिकडच्या सरकारनं गोल ओंडके बाहेर पाठवायला बंदी केली. मग बद्रीनाथजींनी बसल्या जागेवरून हात वर केला.

"बंदी झाली हे खरं," ते म्हणाले. "पण मी बाजारात होतो. बर्मा बंद झाला आणि बाजारात बर्मा वाढला. ज्याला त्याला बर्माच पाहिजे. घाना आला की त्याला बर्मा म्हणायचं, इक्वेडोर आला की त्यालाही बर्मा. मला सांगितलं होतं की तसंच लिही. मी चकतीवर जे आहे तेच लिहिलं." मग त्यांनी खांबांकडे पाहिलं. "ते आता पुसलंय म्हणा."

वर्ग हसला. बद्रीनाथजींना वाटलं आपलं काही चुकलं. दुर्गाबाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

राजनंदिनीला उत्तम गुण मिळाले. मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, "आलेख वजनदार आहे. जिन्याचा विचार व्हावा." परत न्यायच्या वेळी मात्र कुणाचाच उत्साह उरला नव्हता, आणि विक्रमशेठना उसाची फेरी होती. मॅडम म्हणाल्या, विभागात कोपरा आहे, तिथे राहू द्या. ती गोष्ट बद्रीनाथजींना इतकी आवडली की त्यांनी प्रत्येक खांबाला कुठे उभं राहायचं ते स्वतः दाखवून दिलं. मलेशियाला त्यांनी नळापासून लांब ठेवायला सांगितलं. पण कोपरा छोटा होता. मलेशिया नळाजवळच राहिला.

पुढे दोन-तीन गोष्टी झाल्या. बद्रीनाथजींचं नाक जूनमध्ये उघडलं. त्यांनी पहिला वास माझ्या दाराचाच घेतला आणि घाना कायम ठेवला. दुर्गाबाईंना मॅडमनी पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलायला बोलावलं. आपल्याला भाषण येत नाही, असं सांगून त्या पाऊण तास बोलल्या. बद्रीनाथजी पहिल्या रांगेत त्यांची पिशवी धरून बसले होते.

ऑगस्टमध्ये मॅडमचा फोन आला. मी तिथेच होतो. पोहे होते.

"आलेख वाढलाय," मॅडम म्हणाल्या.

"सागवान वाढणार नाही," बद्रीनाथजी म्हणाले. "मलेशिया असेल."

"मलेशियाच आहे. साडेतीन सेंटिमीटर. नट अडकलाय, आणि परवा बाहेरून तपासणीला लोक येणार आहेत."

बद्रीनाथजी रंधा घेऊन रिक्षानं गेले. मॅडम दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की आकडे छाटता येणार नाहीत. बद्रीनाथजी म्हणाले की आकडे कुठे, मी फक्त ओल छाटतोय. मॅडम म्हणाल्या, तपासणीवाल्यांना ते कसं सांगायचं. बराच वेळ दोघं मलेशियाच्या दोन बाजूंना उभे राहिले. शेवटी तडजोड झाली. रंधा पिशवीत गेला, आणि खांबावर एक छापील पट्टी चिकटवण्यात आली. ती अजून तिथे आहे. तिच्यावर लिहिलंय : "मलेशियाची वाढ पावसाळ्यात धरू नये."